सेवाभावी माणूस आणि त्याची संस्था: सरकारी पुरस्कारासाठी नाव कसं पाठवायचं?

वीस-वीस वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे पोचवणारी, वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवणारी, बेवारस मृतदेहांवर अंत्यसंस्कार करणारी माणसं पुरस्कारासाठी स्वतःचं नाव सहसा पाठवत नाहीत. अर्ज समोर ठेवला तरी ‘आम्ही काय एवढं केलंय’ म्हणून तो बाजूला सारतात. म्हणून हा लेख अशा माणसाच्या शेजाऱ्यासाठी, माजी विद्यार्थ्यासाठी, संस्थेच्या चिटणीसासाठी लिहिला आहे. असे अर्ज भरायला मी अनेकांना मदत केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, काम मोठं असूनही नाव मागे पडतं, ते बहुतेक वेळा कागद अपुरे असल्यामुळे किंवा चुकीच्या ठिकाणी गेल्यामुळे.

नाव माणसाचं पाठवायचं की संस्थेचं?

पहिला घोळ इथेच होतो. एकच फाइल तयार करून ती सगळीकडे पाठवली जाते. पद्म पुरस्कार फक्त व्यक्तीला मिळतो. संस्थेच्या नावाने अर्ज करायची सोयच नाही. महाराष्ट्र शासनाच्या काही पुरस्कारांमध्ये मात्र व्यक्ती आणि संस्था असे दोन वेगळे गट असतात, त्यांचे निकष वेगळे आणि कागदही वेगळे. संस्थेचा अहवाल जोडला म्हणजे कार्यकर्त्याचं काम सिद्ध झालं, असं होत नाही. त्या माणसाने स्वतः काय केलं, हे वेगळं दाखवावं लागतं.

तुमचा गट नोंदणीकृत नसेल, नुसतं मित्रमंडळ असेल, तर संस्थेच्या गटात अर्ज करता येणार नाही. तरीही त्यातल्या माणसाचं नाव व्यक्ती म्हणून जरूर पाठवता येतं.

पद्म पुरस्कार: कोणीही, कोणाचंही नाव

१९५४ साली सुरू झालेले हे पुरस्कार फक्त दिल्लीत ओळख असणाऱ्यांनाच मिळतात, हा समज अजून पुसला गेलेला नाही. गेल्या काही वर्षांतल्या महाराष्ट्रातल्या मानकऱ्यांची नावं आठवून पाहा. बीड जिल्ह्यात गाई सांभाळणारे शब्बीर सय्यद यांना २०१९ मध्ये, अकोले तालुक्यात देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये आणि अनाथ मुलांची माय झालेल्या सिंधुताई सपकाळ यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि निःस्वार्थ सेवा करणारी माणसं शोधून त्यांची नावं पाठवा, असं केंद्रीय गृह मंत्रालय दरवर्षीच्या आवाहनात सांगतं.

कोणताही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंही. आमदार-खासदारांचं शिफारसपत्र हवंच असा नियम नाही. अर्ज फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर (अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन) भरायचा. कागदी अर्ज दिल्लीला पोस्टाने पाठवून उपयोग नाही. शुल्क काहीही नाही.

तारीख दरवर्षी बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या बातमीवर विसंबू नका. २०२५ च्या पुरस्कारांसाठी नावं १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ या काळात घेतली गेली. २०२६ च्या पुरस्कारांसाठी सुरुवातीला जाहीर झालेली मुदत १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ होती. म्हणजे जाहीर मुदत आदल्या वर्षीपेक्षा दीड महिना आधीची होती. ‘सप्टेंबरपर्यंत वेळ आहे’ असं धरून चाललेल्यांचं ते वर्ष गेलं.

पात्रतेत तीन अडथळे लक्षात ठेवा. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी सेवेत असेपर्यंत पात्र नसतात; डॉक्टर आणि शास्त्रज्ञ याला अपवाद. जिल्हा परिषदेच्या सेवेत राहून आयुष्यभर समाजकार्य केलेल्या गुरुजींचं नाव निवृत्तीनंतर पाठवा. दुसरं, पुरस्कार सहसा मरणोत्तर दिला जात नाही, अगदी विशेष बाब असेल तरच. एखाद्या वयोवृद्ध कार्यकर्त्याचं नाव ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवू नका, ही माझी मनापासूनची विनंती आहे. तिसरं, आधीचा पद्म पुरस्कार असेल तर वरच्या श्रेणीसाठी साधारण ५ वर्षांचं अंतर लागतं. गावपातळीवरच्या नावांमध्ये हा प्रश्न क्वचितच येतो.

ते ८०० शब्द

पोर्टलवर नाव, पत्ता, क्षेत्र (बहुधा ‘समाजकार्य’) वगैरे रकाने अर्ध्या तासात भरून होतात. खरा अर्ज म्हणजे त्या माणसाच्या कामाचं जास्तीत जास्त ८०० शब्दांतलं निवेदन. निवड समितीला तुमचं गाव माहीत नाही, वस्ती माहीत नाही. तिच्यासमोर हेच निवेदन असतं.

बहुतेक निवेदनं विशेषणांत वाया जातात. ‘तळमळीचे, निगर्वी, समाजाला वाहून घेतलेले, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे.’ हे सगळं खरं असेलही, पण हजार अर्जांत हेच लिहिलेलं असतं. समजा, एका ताईंनी पाड्यांवर गरोदर बायकांसाठी काम केलं आहे. तर असं लिहा: कोणत्या वर्षी सुरुवात केली, तेव्हा किती पाडे होते, आज किती आहेत, सर्वांत जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर होता, गाडी कशी मिळवली, पैसे कुठून आले, आजवर किती बायकांना वेळेत दवाखान्यात पोचवलं आणि तो आकडा कोणत्या वहीतून काढला. काम अडलं कधी, हेही एका वाक्यात सांगा. अडचणीत काय केलं, त्यावरून माणूस कळतो.

माझी पद्धत अशी. आधी त्या माणसाच्या कामाची वर्षवार यादी काढायची, एका वर्षाला एक ओळ. मग त्यातल्या फक्त तीन-चार गोष्टी निवडून त्यांच्याभोवती निवेदन बांधायचं. सगळंच सांगायला गेलं की काहीच ठसत नाही. सुरुवात जन्मगाव आणि शिक्षणापासून करू नका, कामापासून करा. मिळालेल्या छोट्या-मोठ्या सत्कारांची यादी निवेदनात घालू नका, त्याला वेगळा रकाना असतो. आणि संस्थेची थोरवी दोन वाक्यांत आटपा, कारण इथे तोलला जातो तो माणूस.

एवढं झाल्यावर अंतिम सादर करण्याआधी मसुदा दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. गावाबाहेरचा, त्या माणसाला न ओळखणारा वाचक मिळाला तर उत्तम. त्याला जिथे प्रश्न पडेल, तिथे माहिती कमी पडली आहे.

राज्याचे पुरस्कार, जिल्ह्याचं दार

पद्म पुरस्कारांची संख्या वर्षाला १२० च्या आत ठेवलेली आहे (मरणोत्तर, अनिवासी भारतीय आणि परदेशी वगळून). त्यामुळे जिल्हा पातळीवरचे पुरस्कार कमी मानू नका. स्थानिक कार्यकर्त्याला आणि छोट्या संस्थेला खरी संधी तिथे असते.

तरुणांसाठी जिल्हा युवा पुरस्कार आहे. राज्याच्या युवा धोरणानुसार दर जिल्ह्यात एक युवक, एक युवती आणि एक संस्था निवडली जाते. व्यक्तीला गौरवपत्र, सन्मानचिन्ह आणि १०,००० रुपये, संस्थेला ५०,००० रुपये. व्यक्तीचं वय १३ ते ३५ असावं आणि जिल्ह्यात सलग ५ वर्षं वास्तव्य असावं. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. कामाचा पुरावा म्हणून वृत्तपत्रांची कात्रणं, प्रशस्तिपत्रं, छायाचित्रं, चित्रफिती मागतात, आणि पुरस्कारानंतर किमान २ वर्षं काम चालू ठेवीन असं हमीपत्रही. मला हे हमीपत्र फार आवडतं. त्यात मागच्या कामासोबत पुढच्या कामाचीही दखल आहे.

महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार आहे. महिला व बालविकासाच्या क्षेत्रात जिल्हास्तरासाठी १० वर्षं, राज्यस्तरासाठी २५ वर्षं काम हवं. विभागीय स्तरावर तो संस्थेला मिळतो आणि त्यासाठी ७ वर्षांचं काम लागतं. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करा. मागासवर्गीय आणि वंचित घटकांसाठी काम केलं असेल तर सामाजिक न्याय विभागाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार आहे. तोही व्यक्ती आणि संस्था अशा दोघांना मिळतो, आणि अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो.

या सर्वांच्या जाहिराती वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि मुदत कधी कधी फारच थोडी असते. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा फाइल आधीच तयार ठेवलेली बरी.

व्यक्तीच्या फाइलमध्ये काय असावं

आधार, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, फोटो हे सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते नावापाशी. गावात ‘अक्का’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंचं आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं दुसरं, बातम्यांच्या कात्रणांत तिसरंच. तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. राज्याच्या पुरस्कारांसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला लागू शकतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करा.

कामाचे पुरावे जमवताना वर्तमानपत्राच्या कात्रणांवरच भिस्त ठेवू नका. शांतपणे काम करणाऱ्याच्या बातम्या येतातच असं नाही. त्याऐवजी हजेरीची वही, रक्तदान शिबिराच्या नोंदी, ग्रामपंचायतीचं किंवा मुख्याध्यापकांचं पत्र, दवाखान्याच्या अधीक्षकांचं पत्र, ज्यांना मदत मिळाली त्यांचे दोन-तीन अनुभव. पत्र मागताना ‘यांचे कार्य उल्लेखनीय आहे’ एवढंच लिहून आणू नका. किती वर्षं ओळखतात आणि डोळ्यांनी काय पाहिलं, हे त्यात यायला हवं. प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, ठिकाण लिहा. संस्थेच्या लेटरहेडवर हे स्वयंसेवक आहेत, मानधन घेत नाहीत, असा स्पष्ट दाखला घ्या. घेत असतील तर तेही खरं लिहा.

संस्थेच्या फाइलमध्ये काय असावं

इथे उत्तमोत्तम संस्था गळतात. महाराष्ट्रात बहुतेक सेवाभावी संस्थांची नोंदणी दुहेरी असते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली (त्याला किमान ७ सदस्य लागतात) आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात. दोन्ही प्रमाणपत्रं जोडा.

मग परिशिष्ट १ ची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीची, ताजी प्रत काढा आणि नीट वाचा. अनेक संस्थांच्या परिशिष्टात वारलेले विश्वस्त अजून विश्वस्त म्हणून झळकत असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलेला नसेल तर अर्जावर सही करणाऱ्याचा अधिकारच प्रश्नात येतो. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याच्या विनंतीसह आत्ता दाखल करा. पुरस्कार मिळो न मिळो, हे काम करायचंच आहे.

त्यापुढे मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, ताळेबंद, जमाखर्च पत्रकं तयार ठेवा. आर्थिक वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं, म्हणजे ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर सप्टेंबरअखेर. पॅन जोडा. आयकराची बारा-अ (संस्थेला करसवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रं असतील तर त्यांची मुदत तपासा, कारण आता त्यांचं ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक असेल तर तो द्या. शेवटी कार्यकारी मंडळाचा ठराव: पुरस्कारासाठी अर्ज करण्याचा आणि सही कोणी करायची याचा.

पैसे मागितले तर

एखाद्या लांबलचक नावाच्या संस्थेकडून ‘राष्ट्रीय समाजरत्न’ छापाचं पत्र येतं आणि खाली नोंदणी शुल्क, स्मृतिचिन्हाचा खर्च, सभागृहाचा वाटा लिहिलेला असतो. वर सांगितलेल्या पुरस्कारांत नाव पाठवायला किंवा निवड व्हायला एक रुपयाही लागत नाही. देणगीच्या पैशांतून असा सत्कार विकत घेणाऱ्या संस्था पाहिल्या की वाईट वाटतं. तो पैसा औषधांचा, वह्यांचा असतो.

पाठवल्यानंतर

अर्जाची पोच आणि संपूर्ण प्रत सांभाळून ठेवा. पद्मची नावं मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे. यादी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी जाहीर होते. त्यात रोख रक्कम नसते, रेल्वे-विमान सवलत नसते. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. नावाच्या आधी किंवा नंतर ‘पद्मश्री’ लावता येत नाही, कारण ती पदवी नाही. लेटरहेड छापताना संस्थांकडून ही चूक हटकून होते. निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी नवीन कामाची भर घालून पुन्हा अर्ज भरा.

आणि पाठवण्याआधीची एक गोष्ट. निवेदन तयार झालं की त्या माणसाच्या घरी जा आणि त्याला ते मोठ्याने वाचून दाखवा. तो एखादं वर्ष दुरुस्त करेल, ‘पन्नास नव्हे, अडतीस मुलं होती’ म्हणेल. मग हमखास दोन-तीन नावं सांगेल: पहिली खोली देणारे, रात्री गाडी काढणारे, हिशोब ठेवणारी. ती नावंही निवेदनात घाला, आणि त्यांचे पत्ते लिहून घ्या. पुढच्या फाइली त्यांच्याच करायच्या आहेत.