सायलेन्सर निळा पडला की गंजला? आधी ओळखा, मग खर्च करा

नव्या दुचाकीच्या बेंड पाइपवर, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीवर, पिवळी, मग जांभळट-निळी झाक आली की ग्राहक काळजीत पडतात. हा गंज नव्हे. धातू तापला की त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो आणि थर वाढेल तसा रंग बदलतो. स्टेनलेस स्टीलवर 300 अंश सेल्सियसच्या आसपास सोनेरी, 400 च्या पुढे जांभळट, 500 च्या वर निळा. एकेरी पत्र्याच्या पाइपला तो येणारच. त्याने पाइप कमजोर होत नाही.

जुन्या गाडीचा पाइप मात्र एकाएकी निळा पडू लागला, तर पॉलिशआधी इंजिन दाखवा. कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी येत असेल, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे गेले असेल किंवा इंजिनाच्या हेडला पाइप जोडतो तिथले गॅस्केट (जोड बंद ठेवणारी चकती) फुटले असेल. फुटलेल्या गॅस्केटच्या जोडाशी काळी काजळी दिसते, गाडी थंड असताना फट्‌फट् आवाज येतो. हे दुरुस्त न करता बफिंग (यंत्राने घासून चकाकी) केले, तर पैसे वाया गेले म्हणून समजा.

आपल्या किनारपट्टीला खरी भीती खाऱ्या वाऱ्याची. तांबूस ठिपके, फुगलेला क्रोम, सुटणारे पापुद्रे दिसले की तो गंज. पुळणीवर गाडी नेली असेल तर घरी आल्यावर सायलेन्सर पूर्ण निवू द्या, मग गोड्या पाण्याने धुवा. खालची बाजू विसरू नका. पावसाळ्यात लाल चिखल तिथेच बसतो आणि मीठ, ओल दोन्ही धरून ठेवतो. तारेचा ब्रश स्टेनलेसवर नको, त्याचे लोखंडी कण रुतून तिथूनच गंज सुरू होतो.

आतूनही सायलेन्सर सडतो, हे फार जणांना ठाऊक नसते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफ होऊन निघते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारल्या तर सायलेन्सर नीट तापत नाही आणि ते पाणी आतच साचते. आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब फिरवा. खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकते. गळती समजून ते बुजवू नका.

रंग द्यायचा तर उष्णतारोधकच, तोही गंज पूर्ण काढून. साधा रंग जळून सोलतो. भोक पडले असेल तर आम्ही गॅरेजवाले आधी आजूबाजूचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहतो: टणक लागला तर वेल्डिंग, दबला तर नवा सायलेन्सर. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 (प्रदूषण मानक) गाड्यांत एक्झॉस्टमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, म्हणून स्वस्त सायलेन्सर बसवण्याआधी एकदा आम्हाला विचारा.