कृतिसंशोधन की प्रबंध? बालवाडीताईंच्या वहीतला गोंधळ

महिन्यापूर्वी नाशिकच्या सिडकोतल्या एका बालवाडीच्या ताई संशोधनाचा आराखडा घेऊन घरी आल्या. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात शीर्षक होतं: 'नाशिक शहरातील ३ ते ६ वयोगटातील बालकांच्या भाषाविकासावर बडबडगीतांच्या परिणामकारकतेचा चिकित्सक अभ्यास'. त्याखाली लिहिलं होतं, 'प्रकार: कृतिसंशोधन. नमुना: माझ्या वर्गातील १८ बालके. कालावधी: ६ आठवडे.' शीर्षकात अख्खं नाशिक आणि नमुन्यात एक खोली. चहा होईपर्यंत मी गप्प बसले.

यात ताईंचा दोष थोडाच. कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली अडचण सोडवायला केलेला शोध, आणि प्रबंधासाठी करतात ते औपचारिक संशोधन, दोन्हींच्या फाइली बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. समस्या, उद्दिष्टं, गृहीतक, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष, शिफारशी, सगळं दोन्हीकडे तसंच. त्यातून नवी फाइल बहुतेक वेळा जुन्या फाइलीवरूनच उतरते. मग वर्गातली अडचण सोडवायला निघालेली बाई नकळत सगळ्या शहराला शिफारशी करून मोकळी होते.

माझ्या मते दोन्हींतला फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: उत्तर कुणाला हवंय? कृतिसंशोधनात प्रश्न विचारणारी आणि उत्तर वापरणारी व्यक्ती एकच असते. अडचण माझी, वर्ग माझा, सोमवारपासून बदल करणारीही मीच. औपचारिक संशोधनात उत्तर परक्या माणसासाठी असतं. ज्याने माझा वर्ग पाहिलेला नाही आणि कधी पाहणारही नाही, त्याचा त्यावर विश्वास बसायला हवा. नमुना कसा निवडला, तुलना कशाशी केली, मोजलं कुणी, हे सगळे जाचक नियम त्या परक्या माणसासाठी आहेत. स्वतःच्या वर्गापुरतं शोधत असाल तर त्यातले निम्मे नियम नुसते ओझं आहेत. आणि शहराबद्दल बोलायचं असेल तर त्यातला एकही सोडता येत नाही.

कृतिसंशोधन ही कल्पना कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या नावावर सांगतात. त्यांचा यावरचा प्रसिद्ध लेख १९४६ चा. शाळांमध्ये ती रुजवली अमेरिकेतल्या स्टीफन कोरे यांनी, त्यांचं पुस्तक १९५३ चं. परीक्षेला एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण मला स्वतःला ते कळलं घाटाखालच्या उदाहरणावरून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. थोडी मोठी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात नेली आणि तिचं नावच पडलं कुरणशाळा. अडचण दिसली, कारण शोधलं, उपाय करून पाहिला, पुन्हा बघितलं. कृतिसंशोधनाचं चक्र म्हणतात ते हेच. मुलं येत नाहीत म्हणून 'पालक उदासीन आहेत' असा निष्कर्ष लिहून तिथेच थांबता आलं असतं. आजही बऱ्याच फाइली तिथेच थांबतात.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावी १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. गरीब कुटुंबांतली १२३ मुलं. त्यातल्या ५८ जणांना चांगली बालवाडी मिळाली, ६५ जणांना नाही. कोण कुठल्या गटात जाणार हे पालकांच्या हौसेवर सोडलं नव्हतं. मग ही मुलं चाळिशीला येईपर्यंत त्यांचा माग ठेवला. आपल्याकडे दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातलं बालशिक्षण केंद्र आणि असर सेंटर यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० मुलांचा वयाच्या ४ पासून ८ पर्यंत पाठपुरावा केला. त्यातून दिसलं की धोरणाच्या कागदावर मूल अंगणवाडी ते पहिली असं सरळ रेषेत चालतं, प्रत्यक्षात ते इकडून तिकडे, परत इकडे असं फिरत असतं. असल्या गोष्टी एका वर्गात बसून कधीच दिसणार नाहीत. आणि त्या १४,००० च्या अभ्यासातून तुमच्या वर्गातला अमुक मुलगा डब्याच्या वेळी का रडतो, हेही कळणार नाही.

आमच्या विषयातला खरा खड्डा पुढेच आहे. लहान मुलं थांबत नाहीत. साडेतीन वर्षांचं मूल सहा आठवड्यांत काहीही न करता बदलतं. नवे शब्द येतात, वाक्यं लांबतात, पेन्सिल धरायची पकड बदलते. दहावीच्या वर्गात सहा आठवडे म्हणजे दीड घटक, बालवाडीत तो आयुष्याचा लक्षणीय तुकडा असतो. त्यामुळे जूनमध्ये पूर्वचाचणी, ऑगस्टमध्ये उत्तरचाचणी आणि मधे बडबडगीतं, एवढ्यावर 'बडबडगीतांमुळे भाषा सुधारली' असं म्हणता येत नाही. मधल्या काळात पोळी-भाजीही खाल्ली होती.

याच जागी फाइलीत टी-चाचणी येते, म्हणजे दोन सरासरींतला फरक नुसता योगायोगाचा आहे का ते तपासायचं गणित. १८ मुलांचे आधीचे आणि नंतरचे गुण, ०.०५ सार्थकता स्तर, शून्य परिकल्पनेचा त्याग. दिसायला रुबाबदार. पण ती शून्य परिकल्पना काय होती? 'दोन्ही वेळच्या गुणांत फरक नाही.' मुलं वाढतात हे तर आजीलाही ठाऊक आहे. जे खोटं आहे हे आधीच माहीत होतं, ते गणिताने खोटं ठरवून काय हाती लागलं? बडबडगीतांचा वाटा किती हे जाणायचं तर त्याच वयाची, बडबडगीतं न मिळालेली मुलं शेजारी उभी करावी लागतात. त्या वाटेने गेलात की तुम्ही कृतिसंशोधन सोडून प्रबंधाच्या रस्त्याला लागलात. खुशाल लागा, फक्त मग एका खोलीवर भागणार नाही.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं वाटेल, पण मी स्वतः यात तोंडावर आपटले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी काठीच्या बाहुल्या वापरून गोष्टी सांगायचा उपक्रम केला. हजेरी वाढावी हा हेतू. जानेवारीतली हजेरी मोजली, फेब्रुवारीत बाहुल्या सुरू झाल्या, मार्चमध्ये पुन्हा मोजली. हजेरी चांगली वाढली. मी आनंदाने आलेख काढला आणि अंगणवाडीच्या सेविकाताईंना दाखवला. त्यांनी तो बघितला आणि सरळ विचारलं, "मॅडम, शिमग्याला सगळे गावी येतातच ना?" दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात, पोरंही बरोबर जातात आणि शिमग्याला परततात. माझ्या बाहुल्यांनी नव्हे, शिमग्याने हजेरी वाढवली होती. सेविकाताईंना हे न विचारताच ठाऊक होतं. मी मात्र त्यांना फक्त हजेरीपट मागितला होता.

आता मजा बघा. त्या ताईंनी स्वतः कृतिसंशोधन केलं असतं तर ही चूक झालीच नसती, कारण त्यांचा प्रश्न 'हजेरी कशी वाढवू' हा नसताच. तो असता, 'चार महिने बाहेर राहून आलेलं पोर पुन्हा वर्गात कसं रुळवू.' जागेवर राहणाऱ्या माणसाचा प्रश्न बहुधा जास्त नेमका असतो. म्हणून कृतिसंशोधनाला 'छोटं संशोधन' किंवा 'प्रबंधाची रंगीत तालीम' म्हणतात तेव्हा मला राग येतो. ते लहान नाही, त्याचं काम वेगळं आहे.

नेमकेपणा कसा असतो याचं एक उदाहरण जवळून पाहिलेलं आहे. सातपूरच्या एका बालवाडीत खेळ आवरायच्या वेळी रोज गदारोळ व्हायचा. बाईंनी कारण लिहिलं, 'मुलांना शिस्त नाही', आणि उपाय केला आवरायचं गाणं. दोन आठवडे गाणं झालं. मुलं गाणं म्हणायची, पण ठोकळे जमिनीवरच. तेव्हा बाईंनी उपदेश बंद केला आणि तीन दिवस नुसतं बसून पाहिलं. मुलं ठोकळे उचलत होती, कपाटापर्यंत नेत होती आणि तिथे उभी राहत होती. कप्पा त्यांच्या डोक्याच्या वर होता! मग गिरणाऱ्याच्या बाजारातून टोमॅटोचे जुने कॅरेट आणले, धुऊन जमिनीवर मांडले, प्रत्येकावर आत काय ठेवायचं त्याचं चित्र चिकटवलं. आवरणं बरंच लवकर व्हायला लागलं. किती लवकर, ते बाईंनी घड्याळ लावून रोज लिहून ठेवलं होतं, आणि त्यांच्या कामापुरतं तेवढं पुरेसं होतं.

यात पहिला उपाय फसला, याची मला किंमत वाटते. कृतिसंशोधनात फसलेली फेरी म्हणजे माहिती. ती फाइलीत लिहायची, खोडायची नाही. प्रबंधात मात्र असं मधेच उपाय बदलता येत नाही. गाणं तपासायला निघालात तर शेवटपर्यंत गाणंच, आणि 'परिणाम दिसला नाही' हाही निष्कर्ष. त्याच बाईंनी उद्या 'खालच्या उंचीच्या मांडणीमुळे बालवाड्यांत आवरण्याचा वेळ कमी होतो का' हा प्रश्न घेतला, तर त्यांना बऱ्याच बालवाड्या लागतील, त्यातल्या काहींत कॅरेट आणि काहींत जुनी कपाटं, कुणाला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं, आणि वेळ मोजणारी व्यक्ती अशी की जिला कॅरेटचं कौतुक नाही.

दोन्ही वाटांवर सारखंच लागतं ते म्हणजे नोंद घेण्याचं कौशल्य, आणि ते शिकवायला सगळ्यांत कमी वेळ दिला जातो. तीन-चार वर्षांच्या मुलाला प्रश्नावली देता येत नाही, त्यामुळे आमचं मुख्य साधन डोळे. आणि डोळे मत घेऊन येतात. एका नोंदवहीत मी वाचलं, 'हट्टी आहे, खेळणी देत नाही.' त्याच मुलीला दुसऱ्या दिवशी पाहून लिहिलेली नोंद अशी होती: '१०.२०. निळी बादली दोन्ही हातांनी छातीशी धरली आहे. शेजारचा मुलगा बादलीला हात लावतो. ती पाठ फिरवते. तो जातो. ती बादली खाली ठेवते, त्याच्याकडे बघते, फावडं पुढे करते.' पहिल्या नोंदीत बाईंचा थकवा आहे, दुसरीत मुलगी आहे. दुसऱ्या प्रकारची नोंद असेल तर ती कृतिसंशोधनात चालते आणि प्रबंधातही. पहिली कुठेच नाही.

परवानगीचंही तसंच. 'माझाच वर्ग आहे, विचारायचं कुणाला' ही समजूत कृतिसंशोधनात फार. रोजचं शिकवणं वेगळं आणि मुलाची नोंद, फोटो, आवाज फाइलीत घालणं वेगळं. पालकांना साध्या भाषेत सांगावं आणि नाही म्हणायची खरी मोकळीक द्यावी. 'ज्या ताईंकडे मूल सोपवतो त्यांना नाही कसं म्हणायचं' हा संकोच ओळखावा. मुलाने मान वळवली, उठून गेलं, तर तेही नाहीच. नावं बदलावीत. आणि पालकांच्या ग्रुपवर 'संशोधनातील क्षणचित्रे' टाकू नयेत, कृपा करून.

तर सिडकोच्या ताई. चहा संपल्यावर मी आराखडा बाजूला ठेवला आणि विचारलं, वर्गात तुम्हाला खरंच छळतं काय? त्या जरा थांबून म्हणाल्या, "मॅडम, तीन पोरं आहेत. घरी अहिराणी बोलतात. वर्गात आली की तोंडातून शब्द नाही." सिडकोत खानदेशातून आलेली घरं गल्लोगल्ली, त्यामुळे नवल नव्हतं. नवल हे की आराखड्याच्या चौदा पानांत ही तीन पोरं कुठेच नव्हती.

शीर्षक बदललं: 'माझ्या वर्गातली घरी अहिराणी बोलणारी ३ मुलं वर्गात केव्हा बोलतात, आणि ती अधिक बोलावीत म्हणून मी काय करू शकते?' ताईंचा चेहरा पडला. "एवढंच? 'चिकित्सक' पण नाही?" मी म्हटलं, पहिला आठवडा काहीच करू नका, फक्त लिहा. कधी बोलले, कुठे, कुणाशी.

नोंदी काल आल्या. तिघंही हात धुवायच्या नळापाशी बोलतात, आपापसात, भरभरून. ताई जवळ गेल्या की थांबतात. शेवटच्या पानावर ताईंनी पेन्सिलीने लिहिलंय, 'बडबडगीतं नंतर. आधी मला थोडी अहिराणी शिकायचीय.'