१२७ दात्यांचा गिअर

लेथवर, म्हणजे लोखंडाचा दांडा फिरवत कापायच्या यंत्रावर, आटे पाडताना श्वास आपोआप रोखला जातो. डावा हात टूल आत-बाहेर करणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या चाकावर, उजवा मोटारच्या स्विचवर, आणि टूल सेकंदाला दीड मिलिमीटरच्या चालीने फिरत्या चककडे, म्हणजे दांडा धरणाऱ्या पकडीकडे, सरकत असतं. आटे जिथे संपायचे तिथे मी आधीच तीन मिलिमीटर रुंदीची खाच पाडून ठेवलेली असते. टूल त्या खाचेत शिरलं की दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात टूल मागे ओढायचं आणि मोटार बंद करायची. हात चुकला की टूलचं टोक जॉबच्या, म्हणजे कापायच्या दांड्याच्या, खांद्यावर आदळून उडालंच म्हणून समजा, सोबत तासाभराची मेहनतही.

हा हिशेब मिनिटाला ६० फेऱ्यांचा. एवढ्या जाडीचा जॉब नुसता खरवडायचा असेल तर मी ४०० फेऱ्यांवर सहज चालवतो. पण आटे त्या वेगात पाडायला गेलो तर दोन सेकंदांचे तीन दशांश सेकंद होतात, म्हणजे पापणी लवेपर्यंत खेळ खलास. म्हणून बॅक गिअर टाकून लेथला रांगायला लावायचं.

माझा लेथ साडेचार फुटी. आपल्याकडे लेथ बेडच्या लांबीवरून ओळखतात. कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून तो आता माझ्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या शेजारी उभा आहे. त्याच्यावर पहिल्यांदा एम१० चा, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा, बोल्ट करायला घेतला, तेव्हाची गोष्ट. पहिली फेरी सुरेख झाली, दांड्यावर केसाएवढी बारीक रेघ उमटली. टूल मागे घेतलं, टूलच्या गाड्याला म्हणजे कॅरेजला ओढणाऱ्या स्क्रूवर मिटणारा हाफ नट उघडला, कॅरेज हाताने परत आणली, हाफ नट पुन्हा बसवला. दुसरी रेघ पहिलीच्या शेजारून गेली. तिसरी दोघींच्या मधून. पाचव्या फेरीनंतर माझ्या हातात बोल्ट नव्हता, कानस होती.

टूलला धार होती, उंचीही बरोबर सेंटरला होती. चूक निघाली शाळेतल्या लसाविची.

पण आधी आटा म्हणजे काय ते बघू. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीला गुंडाळा. त्याची तिरकी कड पेन्सिलीभोवती वळसे घेत वर चढते. तो झाला आटा, जुन्या शब्दात मळसूत्र. थोडक्यात, दांड्याला गुंडाळलेला घाटरस्ता. एम१० च्या बोल्टला एका फेऱ्यात साधारण २८ मिलिमीटरचं अंतर कापून दीड मिलिमीटर चढायचं असतं, म्हणजे जेमतेम ३ अंशांचा चढ. चढ सौम्य असला की थोड्या जोरात मोठं ओझं वर जातं. चकलीचा पितळी सोऱ्या याच जोरावर चालतो. घट्ट भिजवलेलं पीठ नुसतं तळव्याने दाबून चकली पडत नाही. दांडा फिरवला की मुकाट उतरते.

मग बोल्टवर भार आला की नट त्याच उतरणीवरून घसरून खाली का येत नाही? घर्षणामुळे. लोखंडावर लोखंड घसरायला, त्यातून आट्याच्या तिरक्या भिंतींमध्ये, साधारण ८ ते १० अंशांचा उतार लागतो. आपला उतार तीनच अंशांचा. या घर्षणाची किंमतही मोजावी लागते. पान्याने आपण जो जोर लावतो त्याचा जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणायला उपयोगी पडतो, बाकीचा नटाच्या तळाशी आणि आट्यांत घासण्यात जातो.

आता लेथ. लेथला आट्यातलं काही कळत नाही, तो फक्त नक्कल करतो. बेडच्या पुढच्या अंगाला एक लांब जाड स्क्रू असतो, लीड स्क्रू. हाफ नट मिटला की कॅरेज या स्क्रूला धरते आणि त्याच्या फिरण्याबरोबर टूल सरकतं. जॉब एकदा फिरल्यावर लीड स्क्रूने किती फिरायचं हे डाव्या बाजूच्या झाकणाआडचे गिअर ठरवतात. माझ्या लीड स्क्रूला इंचात ४ आटे आहेत, म्हणजे एका फेऱ्यात कॅरेज ६.३५ मिलिमीटर सरकते. मला हवे दीड. तेव्हा जॉबच्या एका फेऱ्यात लीड स्क्रू दीड भागिले ६.३५ एवढाच फिरायला हवा. वर-खाली २० ने गुणा: तीस छेद एकशे सत्तावीस.

गिअरला अर्धा दाता नसतो, दाते पूर्णांकातच मोजायचे. म्हणून या अपूर्णांकाला भलती किंमत आहे. अंशातला ३० सोपा, तो गिअर सगळ्यांकडे असतो. गोची छेदात आहे. १२७ ही मूळ संख्या. छेदात १२० असते तर ४० आणि ६० अशा जोड्या लावून भागवता आलं असतं. १२७ ला फोडताच येत नाही. अचूक दीड मिलिमीटर हवा असेल तर १२७ दात्यांचा अख्खा गिअर आणायचा, दुसरी वाट नाही. दीड मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप) घेतला तर त्याचा व्यास १९० मिलिमीटरच्या वर जातो आणि माझ्या लेथचं झाकण लागत नाही. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडची पोरं सूत्र घोकतात: पाच गुणिले पिच (दोन आट्यांमधलं अंतर) गुणिले लीड स्क्रूचे इंचातले आटे, भागिले १२७. हे १२७ आलं कुठून, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. ते २५.४ च्या पोटातून आलं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५.

गंमत अशी की इंच हा नेमका २५.४ मिलिमीटरचा असतो असं ठरवलं ते माणसांनी, १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारात. त्याआधी इंग्रजांचा इंच याच्यापेक्षा केसभर लहान होता आणि अमेरिकेचा केसभर मोठा. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण पोलादाच्या लीड स्क्रूला कायदा कोण वाचून दाखवणार? कितीतरी जुन्या लेथांचे आटे अजून इंचातच आहेत आणि बाजारात नट मिळतात ते मिलिमीटरचे. त्या दोघांच्या मध्ये हा १२७ चा दुभाषा उभा असतो.

जागा कमी असेल तर जुगाड आहे: ६३ दात्यांचा गिअर. ६३ छेद ८० हे १०० छेद १२७ च्या इतकं जवळ जातं की आठ हजारात एकाचा फरक पडतो. दहा सेंटिमीटर लांबीच्या आट्यात चूक सुमारे एक शतांश मिलिमीटर. बोल्टला ती कळतही नाही. मोजमापाच्या उपकरणातला स्क्रू करायचा असेल तर मात्र हा जुगाड नको.

आता माझ्या कानशीकडे येतो. हाफ नट उघडून पुन्हा मिटला की तो लीड स्क्रूच्या कुठल्याही आट्यात बसू शकतो, म्हणजे कॅरेज दर ६.३५ मिलिमीटरला एक अशा जागा धरू शकते. जॉबवरची खाच मात्र दर दीड मिलिमीटरला आहे. दोन्ही जागा पुन्हा एकत्र कधी येणार? लसावि काढा: १९०.५ मिलिमीटरवर. लीड स्क्रूचे ३० आटे, जॉबचे १२७. माझा बोल्ट सगळा मिळून ४० मिलिमीटरचा! म्हणजे नेमक्या पहिल्या जागीच नट बसला तर ठीक, नाहीतर प्रत्येक वेळी टूल नव्या जागी घुसणार. इंचातले आटे पाडताना ही अडचण येत नाही. इंचाला ८ किंवा १२ आटे हवे असतील तर ६.३५ मध्ये ते पूर्ण संख्येने बसतात, नट कुठेही मिटा. इंचाला १० असतील तर एक सोडून एक जागा जुळते. ती दाखवायला कॅरेजच्या कडेला आकडे कोरलेली छोटी तबकडी असते, तिला थ्रेड डायल म्हणतात. मिलिमीटरच्या आट्यांसाठी इंची लेथवर ती तबकडी निव्वळ शोभेची. मग करायचं एवढंच: सुरुवातीला मिटलेला हाफ नट काम संपेपर्यंत उघडायचा नाही. टूल मागे घ्या, मोटार उलटी फिरवा, कॅरेज तशीच मागे येऊ द्या. वेळखाऊ आहे, पण फसत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या लेथांचा चक स्पिंडलवर आट्यांनीच चढवलेला असतो. झटक्यात उलटं फिरवलं तर तो सुटून अंगावर येऊ शकतो.

हे सगळं समजल्यावर मला दुसऱ्याच प्रश्नाने छळलं. माझा बोल्ट ही लीड स्क्रूची नक्कल. तो लीड स्क्रू दुसऱ्या एखाद्या लेथच्या लीड स्क्रूची नक्कल. असं मागे मागे जात राहिलं तर पहिला स्क्रू कोणाची नक्कल होता?

त्याचं उत्तर लंडनला सापडतं. हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) हा कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात वर आलेला कारागीर. टूल हातात न धरता सरकत्या पाटावर आवळायचं, तो पाट लीड स्क्रूने ओढायचा आणि मध्ये बदलते गिअर घालायचे, ही आजच्या लेथची सगळी मांडणी त्याने १८०० च्या आसपास एका यंत्रात पक्की केली. सुटेसुटे भाग त्याच्या आधीही इतरांनी वापरले होते. पण मला जास्त आवडतं ते त्याने मूळ स्क्रू काढला कसा, हे. मऊ दांड्यावर त्याने एक वक्र पात्याची सुरी ठरावीक कोनात तिरकी दाबून धरली आणि दांडा फिरवला. पातं तिरकं असल्याने दांडा फिरता फिरता रेघ आपोआप पुढे सरकत सर्पिल होत गेली. आधीच्या कुठल्याही स्क्रूची मदत नाही, फक्त एक कोन. आपल्या कागदी त्रिकोणाचीच ही धातूतली आवृत्ती.

असा स्क्रू अर्थातच तंतोतंत नसतो. कुठे आटा पुढे, कुठे मागे. त्यावरचा इलाज म्हणजे लांबलचक नट. मॉडस्लेने पाच फूट लांब, दोन इंच जाड आणि इंचाला ५० आट्यांचा एक स्क्रू केला होता. त्याचा नट बारा इंच लांब होता, म्हणजे त्यात ६०० आटे. एका आट्यातली चूक अशा नटाला हलवू शकत नाही. सहाशे आटे मिळून तो कुठे उभा राहायचा ते ठरवतात, आणि पुढे गेलेले आणि मागे राहिलेले एकमेकांना खोडून काढतात. पुढे १८८० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंडने लांब नटात स्क्रू घासून घासून इतका शुद्ध केला, की त्याच्या यंत्राने एका इंचात १४ हजारांहून जास्त समांतर रेघा ओढल्या. ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करायला त्या जाळ्या वापरल्या गेल्या.

मॉडस्लेच्याच हाताखाली जोसेफ व्हिटवर्थ शिकला. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, त्यांचा मध्य काढला आणि १८४१ साली ५५ अंशांच्या आट्यांचा एक तक्ता सुचवला. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंश सुचवले. समभुज त्रिकोणाचा कोन असल्याने तो घासायला आणि तपासायला सोपा. जिंकले ६० अंशच, आपले मिलिमीटरचे सगळे बोल्ट त्याच कोनाचे. पण व्हिटवर्थ पूर्ण हरला म्हणता येत नाही. घरातला अर्धा इंची नळ उघडून बघा: इंचाला १४ आटे, कोन ५५ अंश, आणि बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर. अर्धा इंच हे नाव पाइपच्या पोकळीवरून पडलेलं आहे. हार्डवेअरच्या दुकानात व्हर्निअर लावून अर्धा इंच शोधणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यातला एक मी होतो.

दुसऱ्या बोल्टच्या वेळी मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना गाठलं. त्यांनी माझी कानस उलटसुलट करून पाहिली आणि हसून बाजूला ठेवली. मग दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, टूल सरळ आत घालू नका, कंपाउंड, म्हणजे क्रॉस स्लाइडवरचा वळवता येणारा छोटा पाट, साडेएकोणतीस अंशांवर वळवा आणि त्याने पुढे घ्या. सरळ घातलं तर टूलच्या दोन्ही कडा एकदम कापतात, दोन बाजूंचा कीस मधे एकमेकांवर चढतो आणि आट्याची भिंत फाटते. तिरकं घेतलं की जवळजवळ सगळं काम एकच कड करते, दुसरी भिंतीला नुसती चाटून जाते.

दुसरी, सारखा सारखा कट घेऊ नका. यामागचं गणित मी घरी येऊन केलं. आट्याची खाच त्रिकोणी, म्हणून खोली दुप्पट झाली की कापलेलं लोखंड चौपट होतं. दर फेरीला सारखंच लोखंड काढायचं असेल तर खोली फेऱ्यांच्या वर्गमुळाप्रमाणे वाढायला हवी. एम१० च्या आट्याची खोली ०.९२ मिलिमीटर. ती १२ फेऱ्यांत गाठायची तर पहिला कट ०.२७ चा येतो आणि शेवटचा अवघा ०.०४ चा. मिस्त्रींच्या हाताला हे वर्गमूळ न शिकवता येतं. आजच्या संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनांत तेच प्रोग्रॅममध्ये घातलेलं असतं.

नर्लिंगमध्येही, म्हणजे पकड बसावी म्हणून जॉबवर खडबडीत नक्षी दाबताना, हेच अंकगणित डोकं वर काढतं. पकडीच्या चाकाचे दाते जॉबच्या परिघात पूर्ण संख्येने बसले नाहीत तर दुसऱ्या फेऱ्याला दाते पहिल्या खुणांच्या मधे पडतात आणि नक्षी दुहेरी उमटते. पण नर्लिंग क्षमाशील आहे, जोर वाढवला की बहुतेक वेळा दाते आपली वाट धरतात. पार्टिंगला, म्हणजे जॉब कापून वेगळा करण्याला, अशी दयामाया नाही. तिथे टूल बाहेर कमी काढायचं, उंची सेंटरला ठेवायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

त्या दिवशी बाराव्या फेरीनंतर चाकावरच्या डायलवर खोली पूर्ण दिसत होती. नट लावला. तीन आटे गेला आणि अडला. पूर्वीचा मी असतो तर आणखी कट घेऊन आटे ढिले करून ठेवले असते. पण कापताना लोखंड, टूल, लेथ सगळंच थोडं वाकतं, त्यामुळे डायल जेवढं सांगतं तेवढं प्रत्यक्षात कापलेलं नसतं. म्हणून टूल अजिबात पुढे न घेता त्याच आकड्यावर एक मोकळी फेरी दिली. काहीच निघायला नको होतं, तरी सोनेरी केसासारखा कीस वळत खाली पडला. दुसऱ्या मोकळ्या फेरीला त्याहून बारीक. तिसऱ्या फेरीला टूल नुसतं सरकत गेलं, आवाजसुद्धा नाही. चकमधून जॉब न काढता दोन थेंब तेल लावलं आणि नटाला बोटाने टिचकी दिली. तो फिरत फिरत खाचेपर्यंत गेला.