डिफरन्शियलचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असतं का?

डिफरन्शियल म्हणजे चाकांना इंजिनची ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. “मागच्या डिफरन्शियलमध्ये काही जळत नाही, म्हणून तिथलं ऑइल कधीच बदलावं लागत नाही,” असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. जळत नाही, हे खरंच. पण गिअरचे दात घासून लोखंडाची बारीक पूड ऑइलमध्ये उतरते, ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छोट्या वाटेतून) किंवा जुन्या सीलमधून ओल शिरते, आणि गाळायला तिथे सहसा फिल्टर नसतो.

जुन्या पिकअपमध्ये हे स्वतः तपासता येतं. गाडी सपाट जागी उभी करून आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडवा. (तो गंजून अडकलेला असताना खालून ऑइल काढून बसलात, तर गाडी जागेवरच!) ऑइल साधारण भोकाच्या काठापर्यंत हवं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. लोखंडाची पूड धरून ठेवायला आत किंवा बोल्टवर चुंबक असेल, तर त्यावर करडा लेप चालतो. धातूचे तुकडे मात्र नाही.