रानात जुनी धातूची वस्तू सापडली? ओळख पटवणं आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं

ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या रानात मेटल डिटेक्टर फिरवला, की बहुतेक वेळा हाती लागतं बैलगाडीच्या धावेचं तुकडं, नाल, नाहीतर सोड्याच्या बाटलीचं झाकण. पण कधीतरी जड, हिरवट, ना मूठ ना तोटी असलं काहीतरी निघतं आणि घरातलं कुणीतरी चिंच घेऊन घासायला बसतं. तेवढं थांबवा. तो हिरवा थर घासला, की त्याबरोबर अक्षरं आणि नक्षीही जाते. माती कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, बास.

मुळात हे यंत्र कुठं चालवायचं नाही, ते आधी पक्कं करा. पन्हाळा केंद्र संरक्षित आहे आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. संरक्षित जागेत परवान्याशिवाय उकरणं १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिथं 'नुसतं बघत होतो' चालत नाही.

खासगी रानात सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू त्यात येते. दहा रुपये! आज मोडीत टाकायच्या तांब्याच्या तुकड्यालाही त्याहून जास्त मिळतात. जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं ते ज्याला वस्तू सापडली त्या माणसानं. तो जमिनीचा मालक असो, वाटेकरी असो की छंदापायी आलेला पाहुणा.

लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या कार्यालयात. कायदा तीनच गोष्टी मागतो: वस्तूचं स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख. शिवाय वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावी लागते, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी लागते. आधार कार्डाची प्रत, सातबारा आणि पट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो सोबत जोडाच. गट नंबर आणि खोली लिहिलेली असली, की पुढचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि ती जपा.

मालकाशी आधीच लेखी करार करावा, हे फार थोड्यांना सुचतं. वस्तू बेवारस ठरली आणि जागेचा एकच मालक पुढं आला, तर आधी करार पाहिला जातो. करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे, उरलेले मालकाचे. बांधावरच्या तोंडी शब्दावर मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

आता ती वस्तू काय आहे? वजन करा, लांबी-रुंदी मोजा, लोहचुंबक लावून बघा. मग दोरीनं बांधून पाण्यात बुडवून वजन घ्या. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांमधल्या फरकानं भागलं, की घनता कळते: लोखंड ८ च्या आत, तांबं ९ च्या जवळ, शिसं ११ च्या वर. आमच्याकडच्या एका 'तोफेच्या भागाचं' गूढ असंच उलगडलं. ते पितळी शेराचं वजन निघालं, १९५६ च्या मोजमाप कायद्याआधीच्या काळातलं.

एवढ्यानं उलगडा झाला नाही, तर टाउन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय गाठा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती तिथंच आहे. पंचगंगेकाठी असलं काही निघू शकतं, तर तुमच्या वस्तूलाही घाईनं 'इथलीच असणार' म्हणू नका. मात्र संग्रहालयात दाखवणं म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं नव्हे. दोन्ही करावं लागतं.

सूचना गेल्यावर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. मागच्या शंभर वर्षांत कुणी पुरल्याचा दावा आला, तर त्याला दिवाणी न्यायालयात जायला वेळ मिळतो. सरकारला वस्तू हवी असेल तर ते धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेऊ शकतं. मूर्तीला मोडीचा भाव, असं वाटणं साहजिक आहे; मलाही वाटतं. पण लपवली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि वाटाही जातो. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायलाही परवाना लागतो.