लेंडीत सापडला रक्तातला जिवाणू

महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या, ही २०२१ची बातमी अनेकांना आठवत असेल. तेव्हापासून वटवाघूळ म्हटले की विषाणूच लोकांच्या तोंडी येतो. जिवाणूंचे नाव कुणी काढत नाही.

फिनलंडच्या संशोधकांना ते सापडले, तेही ध्यानीमनी नसताना. तळ्यावरचे किडे टिपणाऱ्या, जेमतेम दहा ग्रॅमच्या डॉबेन्टन वटवाघळांच्या लेंड्यांत कोणते जिवाणू असतात, एवढेच त्यांना पाहायचे होते. निघाला बार्टोनेलाचा डीएनए. हा तर रक्तातल्या लाल पेशींत दडणारा, पिसवांसारख्या रक्तपिपासू किड्यांतून पसरणारा जिवाणू! मग रक्तच तपासले गेले.

अशा तपासणीचा प्राण म्हणजे पीसीआर, डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची पद्धत. मला ती दरवेळी नव्याने थक्क करते. ९५ अंशांना डीएनएचे दोन पदर सुटतात. थंड करताच प्रायमर नावाचे छोटे तुकडे, बार्टोनेलाच्या जनुकाला जुळतील असे बेतलेले, आपापल्या जागी चिकटतात. ७२ अंशांना पॉलिमरेज हे विकर तिथून पुढे नवा पदर विणते. ते मूळचे यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूचे, म्हणून एवढी उष्णता सोसते. एकाचे दोन, दोनाचे चार. ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०७ कोटी! नमुन्यात वटवाघळाचा डीएनए रगड असतो, पण त्याला प्रायमर जुळत नाहीत, म्हणून तो आहे तेवढाच राहतो. मग बार्टोनेलाच्या जीएलटीए नावाच्या जनुकाच्या तुकड्यातली ३२७ अक्षरे वाचायची. ज्ञात जातींशी ९६ टक्क्यांहून कमी जुळली, म्हणजे १४ अक्षरे जरी निराळी निघाली, तरी जात नवी असण्याचा संभव.

पण मेलेल्या जिवाणूचा डीएनएही असाच वाढतो. म्हणून रक्त घातलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, तो जिवंत वाढवून दाखवावा लागतो. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्या वसाहतींचे ठिपके एका रात्रीत दिसतात, बार्टोनेलासाठी आठवडेही थांबावे लागते. फिनलंडमध्ये तो वाढला. एक जात नवी होती. दुसरी होती बार्टोनेला मेयोटिमोनेन्सिस, अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेत सापडलेली आणि २०१० मध्ये नाव मिळालेली. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

सांधेदुखीवर वटवाघळाचे तेल आणि दम्यावर मांस सुचवणारे आजही भेटतात. त्यात औषध काहीही नाही; उलट जनावर पकडून कापायचे म्हणजे त्याच्या रक्ताशी आणि पिसवांशी थेट गाठ. फिनलंडच्या वटवाघळांच्या अंगावरच्या परजीवींतही बार्टोनेलाचा डीएनए मिळाला. लेंडीत तो कसा आला, याचे उत्तर तिथेच असावे: अंग चाटून साफ करताना वटवाघळे हे किडे गिळतात.