हसता हसता कोसळणं म्हणजे फिट नव्हे

फिट बहुतेकांनी पाहिलेली असते. शुद्ध हरपते, अंग ताठ होतं, झटके येतात, नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला असतो. त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त ते चप्पल आणि कांदा हुंगवणं कृपा करून बंद करा. माझी खरी तक्रार आहे ती कॅटाप्लेक्सीलाही, म्हणजे भावनेच्या भरात अंग अचानक ढिलं पडण्यालाही, सर्रास ‘फिट’ म्हणण्याबद्दल.

कॅटाप्लेक्सीत बहुधा हसण्याचं निमित्त होतं. चारचौघांत कुणी विनोद करतं, हसू फुटतं आणि त्याच क्षणी जबडा सैल पडतो, मान कलते, जीभ जड होते, गुडघे दगा देतात. कुणाचं तेवढ्यावरच भागतं, कुणी थेट जमिनीवर. काही सेकंद, फार तर दोनेक मिनिटं, की माणूस उठून चालायला लागतो.

लोक फरक शोधतात तो अंग ताठ की ढिलं यात. तो भरवशाचा नाही, कारण फिटच्याच एका प्रकारात अंग एकदम ढिलं पडतं. बघायची ती शुद्ध. कॅटाप्लेक्सीत डोळे मिटलेले असू शकतात, हाक मारली तर ओ येत नाही, म्हणून घरचे डॉक्टरांना ‘बेशुद्ध पडला’ असं सांगतात आणि निदान तिथेच भरकटतं. माणूस जागा असतो. सगळं ऐकतो, फक्त बोलायला स्नायू साथ देत नाहीत. ‘नाटक करतोय’ हे कुणी पुटपुटलेलंही त्याच्या कानावर पडतं, आणि याचा मला फार राग येतो.

स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, मेंदू आपले हातपाय असेच लुळे करून ठेवतो. श्वास आणि डोळ्यांची हालचाल तेवढी चालू राहते. कॅटाप्लेक्सीत तीच शिथिलता जागेपणी घुसते. बहुतेकदा मुळाशी नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार असतो: 1998 साली शोध लागलेलं, आपल्याला जागं ठेवणारं ओरेक्सिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी नष्ट झालेल्या असतात. म्हणून दिवसा अनावर झोप येते का, हे विचारायलाच हवं. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन इथे उपयोग होत नाही. व्हेन्लाफॅक्सीनसारख्या औषधांनी झटके कमी होतात, पण ती मनाने एकदम थांबवली तर ते एकामागून एक येऊ शकतात.

पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करा, त्याच्याशी बोलत राहा आणि उठल्यावर काय काय ऐकलं ते विचारा. न्यूरॉलॉजिस्टला हे दोन्ही सांगा.